इतक्या वर्षांनी मला कोण काम देणार?

‘मुलं आता मोठी झाली, दिवसातले चार-पाच तास मोकळे मिळतात, घरून काही काम करावंसं वाटतं. पण सगळं विसरायला झालंय. मला कोण काम देणार?’ हा प्रश्न माझ्याकडे अनेकींच्या तोंडून येतो. घरचे यावर लगेच म्हणतात, ‘अगं, तुला सगळं जमेल!’ ते मनापासूनच म्हणतात, पण त्याने भीती जात नाही. आपलं नीट ऐकूनच घेतलं नाही, एवढंच मागे उरतं. म्हणून मी धीर देण्याची घाई करत नाही. आधी नेमकं काय विसरायला झालंय ते बघते.

अशाच एका बाईंबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या एका कंपनीत संचालकांच्या सेक्रेटरी होत्या. पहिल्या बाळंतपणात नोकरी सोडली, मग दुसरं मूल झालं आणि सोळा-सतरा वर्षं निघून गेली. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मी काम करायचे तेव्हा वर्डमध्ये वर मेनूची साधी ओळ असायची. परवा मुलाचा लॅपटॉप उघडला तर मला साधं सेव्ह कुठे आहे ते सापडेना. रडूच आलं.’

ती मेनूची ओळ जाऊन रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली ती वर्डच्या २००७ च्या आवृत्तीत, आणि कित्येक ऑफिसांनी त्यानंतरही जुनीच आवृत्ती वापरली. म्हणजे त्यांना अडलं होतं ते एका पट्टीपाशी, पण त्यांच्या लेखी अख्खी सेक्रेटरी संपली होती. मी म्हटलं, ‘लॅपटॉप राहू दे. जुन्या नोकरीतला एखादा अवघड दिवस सांगा.’

त्यांनी सांगितला. साहेबांचं विमान रखडलं होतं आणि त्या दुपारी तीन बैठका होत्या. परगावाहून आलेल्या पाहुण्यांची बैठक हलवायची नाही, उशिरा का होईना तीच घ्यायची. बँकेतल्या अधिकाऱ्यांना स्वतः फोन करायचा, निरोप ठेवला तर ते दुखावतात. आणि आतल्या लोकांची बैठक सरळ दुसऱ्या दिवशी. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, हात टेबलावर डायरी उघडल्यासारखे हलत होते. आज हेच काम घरून, ऑनलाइन करणाऱ्याला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात आणि डायरीच्या जागी गूगल कॅलेंडर असतं. बैठक हलवणं आता दोन क्लिकचं काम आहे. कोणाची हलवायची आणि कोणाला आधी फोन करायचा हे मात्र माणसालाच ठरवावं लागतं, आणि ते त्यांना पूर्वीइतकंच येत होतं.

पण हे मी सांगून त्यांना पटणार नव्हतं. हातात पुरावा हवा. मुलाच्या शाळेतल्या पालक समितीवर त्या होत्या. पुढच्या बैठकीचं सर्वांच्या संमतीने रेकॉर्डिंग करा, त्यावरून इतिवृत्त लिहा आणि वेळ मोजा, असं मी सुचवलं.

पुढच्या वेळी आल्या त्या खचूनच. ‘एका तासाचं रेकॉर्डिंग, आणि नुसतं शब्दशः टाइप करायला मला पाच तास लागले. गेला माझा स्पीड.’ मी विचारलं, ‘किती लागायला हवे होते?’ ‘दीड?’ हा आकडा त्यांनी कुठून आणला कोण जाणे. स्वच्छ आवाजाच्या एका तासाच्या रेकॉर्डिंगला सराईत माणसालाही साधारण चार तास लागतात. चारजण एकदम बोलत असले की त्याहून जास्त. त्या स्वतःची तुलना प्रत्यक्षात नसलेल्या कुणाशी तरी करत होत्या. वर्षानुवर्षं घरात राहिलेल्या बायकांमध्ये हे मला फार दिसतं. बाहेरचं जग प्रचंड वेगाने पुढे गेलंय असं धरून चालायचं आणि त्या वेगाशी स्वतःला मोजत राहायचं.

शिवाय शब्दशः टाइप करून देणारी सॉफ्टवेअर आता आहेत. ती नावं चुकवतात, आकडे चुकवतात, कोण बोललं यात गोंधळ करतात. त्यामुळे पहिला मसुदा यंत्राने काढला तरी तो तपासायला, त्याचं इतिवृत्त करायला जाणतं माणूस लागतंच.

त्यांचं इतिवृत्त मी वाचलं. दोनच पानं. शेवटी एक तक्ता होता: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. एका ओळीपाशी मी थांबले. सहलीच्या तारखेबद्दल दोघांनी दोन वेगळ्या तारखा सांगितल्या होत्या आणि बैठकीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी तक्त्यात लिहिलं होतं, ‘तारखेबाबत एकमत दिसत नाही; अध्यक्षांना विचारून दुरुस्त प्रत पाठवते.’ मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे कुणी सांगितलं लिहायला?’ त्या म्हणाल्या, ‘कुणी नाही. पण असंच सोडून कसं द्यायचं?’ पुष्कळ वेळाने त्या हसल्या.

खरी अडचण यानंतर बाहेर आली. ‘मॅडम, मी लॅपटॉप घेऊन बसले तरी घरात सगळ्यांना वाटतं, ही बसलेलीच आहे.’ मी त्यांना आठवडाभराची नोंद ठेवायला सांगितली. ज्याला त्या चार-पाच मोकळे तास म्हणत होत्या, ते निघाले वीस-वीस मिनिटांचे तुकडे. सलग वेळ दिवसातून एकदाच मिळत होता, तोही जेमतेम पावणेदोन तास.

इथे मी नवऱ्याला आणि मुलांनाही बोलावलं. नवरा समजूतदार होता, पण म्हणाला, ‘आधी काम तर मिळू दे, मग करू ना घरात व्यवस्था.’ हे मला उलटं वाटतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. काम कधी पूर्ण करून देईन हे जिला सांगता येत नाही, तिने काम घ्यायचं तरी कसं? आधी तास ठरायला हवेत. बरीच चर्चा होऊन सकाळी दहा ते साडेबारा असं ठरलं. दार बंद, फोन नवऱ्याकडे. सुट्टीच्या दिवशी बेल वाजली तर थोरला उघडणार. धाकट्याने गंभीरपणे विचारलं, ‘रक्त आलं तर?’ ‘रक्त आलं तर ये,’ आई म्हणाली. असे बारीकसारीक प्रश्न आधीच विचारले गेले की नियम टिकतो, असा माझा अनुभव आहे.

अडीच तासांत बसेल असंच काम घ्यायचं, हेही तेव्हाच ठरवलं. दिवसभर फोन घेणं, चालू बैठकीला ऑनलाइन हजर राहणं यात त्या क्षणी तुम्ही लागता. इतिवृत्त, पत्रव्यवहार, प्रवासाची आखणी, बिलं आणि तक्ते यांना फक्त मुदत असते. सुरुवात मुदतीच्या कामाने करावी.

मधल्या काळात त्यांना एक जाहिरात दिसली होती. घरबसल्या डेटा एंट्री, आधी नोंदणी शुल्क भरा. त्या भरणारच होत्या. हे मी प्रत्येकीला कळकळीने सांगते: काम देणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. शुल्क, अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, काहीही नाव असो, तिथेच थांबा. यातले काही लोक तर नंतर ‘चुका झाल्या, करार मोडला’ म्हणून कायदेशीर कारवाईची भीती घालून आणखी पैसे उकळतात. आत्मविश्वास खचलेली बाई त्यात सहज सापडते, कारण चूक आपलीच असणार असं तिला आधीच वाटत असतं.

त्यांना पहिलं काम मिळालं ते जुन्या ओळखीतून. पूर्वीच्या एका सहकाऱ्याने स्वतःचा व्यवसाय काढला होता. बाईंनी त्याला मेल केली, सोबत नावं काढून टाकलेलं ते इतिवृत्त जोडलं. ‘पहिला महिना फुकट करते असं लिहू का?’ असं विचारत होत्या. मी नको म्हटलं. वाटलं तर एखादं छोटं काम नमुना म्हणून द्यावं, पण महिनाभराची फुकट मेहनत पुढे दर ठरवताना फार नडते. काय करणार, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे कधी, हे चार ओळींत लिहून घेतलं. सहकारी मेलचा पासवर्डच पाठवत होता, तोही घेतला नाही. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल हाताळायची परवानगी देता येते, कॅलेंडरही तसंच वाटून घेता येतं. घरच्या लॅपटॉपवर कामासाठी वेगळं खातं उघडलं, म्हणजे मुलांच्या हाती कुणाची कागदपत्रं लागायला नकोत.

आता त्यांच्याकडे दोन ठिकाणची कामं आहेत. मध्यंतरी तिसरं चालून आलं, पण तिथे दुपारी चारच्या बैठका सांभाळणारी व्यक्ती हवी होती. धाकटा तेव्हा शाळेतून येतो. त्यांनी नकार कळवला आणि सोबत लिहिलं की सकाळचं काही काम असेल तर जरूर विचारा.