धातूचं चूर्ण विकत घेण्याआधी एवढं वाच

भावा, तुझी पोस्ट रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. वय तेवीस, जुळे सोलापुरात खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी, हस्तमैथुन झालं की छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, ‘शरीर पोखरलं, मी पापी’ हेच डोक्यात. घरी पंढरीची वारी असल्यानं गळ्यातली माळही तू काढून ठेवलीस. आणि शेवटी विचारलंस की गेलेली धातू, म्हणजे वीर्य, भरून काढणारं आयुर्वेदिक औषध कोणतं. माळ सोडली तर यातलं सगळं मी भोगलंय. तेव्हा मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होतो.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. हस्तमैथुन हा आजार नाही वगैरे तू वाचलेलंच असणार. वाचूनही भीती जात नाही, म्हणून मी तिच्याविषयीच लिहितो.

माझी भीती पक्की केली ती एका ‘गुप्तरोग तज्ज्ञा’नं. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी तो इथल्या एका लॉजवर खोली घेऊन बसायचा. नाव लिहीत नाही. त्यानं माझी लघवी काचेच्या बाटलीत घेतली आणि थोड्या वेळानं ट्यूबलाइटसमोर धरली. तळाला पांढरट गाळ बसला होता. म्हणाला, “बघ, हाडातली धातू उतरायलीय. लग्न करून कुणाच्या पोरीचं वाटोळं करणार का?” मग कागदाच्या पुड्या आणि तेलाची एक बाटली. ना लेबल, ना पावती, ना औषधाचं नाव. पुड्या संपल्या की ‘अजून एक कोर्स’. आईच्या विड्यांच्या मजुरीतलेसुद्धा पैसे त्यात गेले. पण पैशांपेक्षा ते एक वाक्य महागात पडलं. त्यापायी घरच्यांनी बघितलेलं चांगलं स्थळ मी नाकारलं, आणि का नाकारलं हे कुणाला सांगताही येईना.

पुढं सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरांनी साधी लघवीची तपासणी केली. तो गाळ फॉस्फेटचा होता. धडधाकट माणसाच्या लघवीतही तो दिसतो. शौचाला कुंथताना चिकट थेंब येतो म्हणून तू घाबरलायस ना? तो बहुतेक वेळा प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव असतो, बद्धकोष्ठ असलं की जास्त दिसतो. जळजळ, रक्त, ताप किंवा पू असेल तर मात्र डॉक्टरकडे जा, तिथं चूर्ण चालणार नाही. आणि ‘शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब’ हा हिशोब डोक्यातून काढ. वीर्याचा बहुतांश भाग म्हणजे ग्रंथींचे स्राव, ते शरीर सतत तयार करत असतं. धातू गेल्याच्या या भीतीला आणि तिच्यातून येणाऱ्या अशक्तपणाला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 सालीच ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलंय. म्हणजे तू काही जगावेगळा नाहीस.

आता आयुर्वेद. माझी त्याच्यावर श्रद्धा आहे, म्हणूनच त्याच्या नावानं चाललेला हा बाजार बघून रक्त खवळतं. ग्रंथांत अतिरेक टाळायला सांगितलाय, आहार आणि निद्रेच्या जोडीनं ब्रह्मचर्यही सांगितलंय, हे मी नाकारत नाही. पण भिंतीवर जाहिराती रंगवणारे तेवढंच सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत, त्यांत मल, मूत्र, शिंक, भूक, झोप यांच्याबरोबर शुक्राचाही, म्हणजे वीर्याचाही, वेग आहे. आणि त्याच अध्यायात आवरायला कोणते वेग सांगितलेत? लोभ, शोक, भय, क्रोध. तू नेमकं उलटं करतोयस. शरीराचा वेग दाबतोयस आणि भयाला मोकाट सोडलंयस. पुढं पंचविसाव्या अध्यायात तर सरळच म्हटलंय, ‘विषादो रोगवर्धनानाम्’. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद, म्हणजे खिन्नता, अव्वल. मला हे एका म्हाताऱ्या वैद्यांनी दाखवलं. त्या दिवशी त्यांनी औषध दिलंच नाही, पोट आणि झोप तेवढी विचारली.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घे: धातू भरायचं औषध तुला नको. तुला झोप हवी आणि पोट साफ हवं. रात्री उशिरा मेसवर झणझणीत खाऊन लगेच आडवा होतोस का? शेंगाचटणी आणि कडक भाकरी माझाही जीव की प्राण आहे, पण ती दुपारी खा. रात्री आठच्या आत मुगाची खिचडी, वरून तूप. झोपण्याआधी काशाच्या वाटीनं तळपाय घास. थंडीत तिळाचं तेल, आपल्या इथल्या उन्हाळ्यात खोबरेल किंवा तूप. मला सगळ्यांत जास्त गुण याचाच आला. दूध पचत असेल तर कोमट दुधात चिमूटभर जायफळ घाल. चिमूटभरच, जास्त जायफळ विषारी ठरतं. धडधड सुरू झाली की सावकाश श्वास घे, सोडताना दुप्पट वेळ लाव.

अश्वगंधा सगळे सुचवतील. काहींना झोपेला फायदा होतो, पण थायरॉइडचा त्रास किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मनानं घेऊ नको. क्वचित यकृतालाही त्रास होतो, डोळे पिवळे दिसले तर लगेच बंद कर. भस्म असलेलं काहीही नोंदणीकृत वैद्याशिवाय तोंडात घालू नको, आणि ‘ताकदी’च्या गोळ्यांपासून चार हात लांब राहा. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं ॲलोपॅथीचं औषध, मिसळलेलं सापडलेलं आहे. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच. लेबल, परवाना क्रमांक आणि पावती नसेल तर उठून बाहेर ये.

हे बोलायची लाज वाटते, तीच या लोकांची कमाई. आपल्याकडं र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हेच विषय उघड मांडत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, आणि 1934 साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा लॉजच्या खोलीत तोंड लपवून जायचं, याची मला खरंच चीड येते.

दोन आठवडे झाले तरी मन उदास, अभ्यास होत नाही किंवा हात थांबतच नाही असं असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. केसपेपर काढताना कारण सांगायची लाज वाटली तर ‘झोप येत नाही’ एवढं सांग, बाकीचं आत डॉक्टरांना सांग. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर वाट बघू नको, 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालू असतं.

माळेबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही. पण शिक्षा म्हणून ती उतरवून ठेवू नको. ज्यांच्या हातून घेतलीस त्यांना किंवा घरातल्या जाणत्या वारकऱ्याला ‘मन फार अस्वस्थ आहे’ एवढंच सांगून विचार. नाम घेतोस ते घेत राहा, फक्त अपराध मोजायला घेऊ नको.

आणि 1600 मीटरच्या धावण्यात दम कमी पडेल का, हेही विचारलं होतंस. आदल्या रात्रीच्या हस्तमैथुनानं वेळ घसरत नाही, जागरणानं घसरते. पहाटे ऊन चढायच्या आत धाव, पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून जवळ ठेव, आणि एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या पोरांचं ते बऱ्याचदा कमी निघतं आणि सगळा दोष बिचाऱ्या धातूवर जातो.