नियम न मोडता सतत भांडणाऱ्या सदस्याला कसे आवरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, विकिपीडियासारख्या सामूहिक ज्ञानकोशात एक सदस्य भरपूर आणि चांगले काम करतो, कोणताही नियम उघडपणे मोडत नाही, पण त्याच्या वागण्याला कंटाळून इतर जण निघून जात आहेत. तर त्याचे काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. त्याला लवकर रोखावे, आणि त्याच्या संपादनांचा हिशेब मांडताना निघून गेलेल्यांच्या हातून जे होऊ शकले नाही, तेही त्यात धरावे. पानावर शिव्या खरडून जाणाऱ्याची मला कधी धास्ती वाटली नाही. त्याचे संपादन एका टिचकीसरशी उलटवता, म्हणजे रद्द करून पान पूर्ववत करता येते आणि त्याची बाजू घ्यायला कोणी पुढे येत नाही.

मी अशाच एका प्रकल्पाचा सहा वर्षे प्रचालक, म्हणजे सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेला व्यवस्थापक, होतो. तेथे कीटकांविषयी उत्तम जाण असलेले एक सदस्य होते. एकदा एका नवख्याने वाळवीवरचा तीन ओळींचा लेख वाढवून चांगला दोन पानांचा केला. संदर्भ जोडलेले होते, भाषा नीट होती. चूक एवढीच, की वाळवी ही मुंगीची एक जात असल्याचे त्याने लिहिले होते. वाळवीचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे आणि आता तिचे वर्गीकरणही झुरळांच्याच गणात केले जाते. एक वाक्य बदलले असते तर काम भागले असते. या गृहस्थांनी अख्खा लेख पुन्हा तीन ओळींवर आणला आणि संपादनाच्या सारांशात ‘अडाणीपणा’ एवढाच शब्द लिहिला. नवख्याने चर्चापानावर ‘माझे नेमके काय चुकले?’ असे विचारले, तेव्हा त्याला अकरा ओळींचे उत्तर मिळाले. त्यात झुरळाचा उल्लेख एकदा होता आणि विचारणाऱ्याच्या शिक्षणाचा चार वेळा. तो सदस्य पुन्हा आला नाही. त्याच्या पानावर स्वागताचा साचा (तयार मजकूर) मीच लावला होता, म्हणून तो माझ्या लक्षात राहिला.

माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ प्रचालकांचे म्हणणे एकच असे : “मुद्दा त्यांचा बरोबर आहे ना? मग दुर्लक्ष करा.” असे दुर्लक्ष आम्ही दीड वर्ष केले. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावरील इतरांची संपादने २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवण्यास मनाई आहे. आमच्याकडेही तोच नियम घेतलेला होता. हे सदस्य तीनदा उलटवत, थांबत, आणि पंचविसाव्या तासाला चौथ्यांदा उलटवत. तीन वेळा उलटवणे हा कोणाचा हक्क नाही, असे त्या नियमातच स्वच्छ लिहिलेले आहे; पण तेवढे वाचण्याची तसदी आमच्यापैकी कोणी घेतली नाही. हुशार माणसाचा तापटपणा सोसावा लागतो, याचा दाखला म्हणून ज्येष्ठांकडून लिनक्स या संगणकप्रणालीचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांचे नाव नेहमी येई. त्याच टोरवाल्ड्स यांनी १६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. त्याच दिवसांत त्या प्रकल्पाने आचारसंहिताही स्वीकारली. ती बातमी मी त्यांना लगेच पाठवली होती. उत्तर आले नाही.

शेवटी एका रात्री माझाच तोल गेला. एका लेखावर त्या सदस्यांशी माझा स्वतःचा वाद चालू असताना मी त्यांना एक महिन्याचा प्रतिबंध लावला, म्हणजे त्यांचे संपादन बंद केले. जो वादात पक्षकार आहे, त्याने प्रचालकाची साधने वापरू नयेत, हे मला पुरते ठाऊक होते. सकाळपर्यंत प्रतिबंध उठला, ते सदस्य अन्यायग्रस्त ठरले आणि मला चावडीवर, म्हणजे सर्व सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, माफी मागावी लागली. पुढे तीन महिन्यांनी एका तिसऱ्या प्रचालकाने त्यांना रीतसर रोखले, तेव्हा ते दुसऱ्या नावाने आले; स्वल्पविरामाआधी मोकळी जागा सोडण्याच्या सवयीवरून आम्ही ओळखले. माझ्या उतावळेपणामुळे प्रकरण चिघळले, असे ते ज्येष्ठ सहकारी आजही म्हणतात. माझी चूक मी नाकारत नाही. पण ती एका रात्रीची होती, आणि त्याआधीचे दीड वर्ष कोणाच्या खात्यावर टाकायचे, हे त्यांनी एकदा सांगावे.

तेव्हा आपण पहिल्याच महिन्यात आपल्या त्या सदस्याशी बोलावे, तेही मोघम नव्हे. ‘सौजन्य पाळा’ या सूचनेचा अशा माणसावर काहीही परिणाम होत नाही. अमुक दिवशीचे अमुक वाक्य दाखवून, पुन्हा असे झाले तर नेमके काय होईल, ते सांगावे आणि झाल्यास तसेच करावे. मुद्दा बरोबर असल्याची पावतीही त्याच निरोपात द्यावी, म्हणजे चर्चा झुरळाकडे वळत नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात आता ठरावीक पानांपुरताही प्रतिबंध लावता येतो. त्यामुळे पूर्ण हकालपट्टी की पूर्ण मोकळीक, एवढाच पर्याय राहत नाही.

हे सारे त्या सदस्याच्या जुन्या चर्चा चाळल्याशिवाय करू नये. कधी कधी ज्याला आपण भांडकुदळ म्हणतो, तो वर्षभर एकटा जाहिरातबाजी निपटत असतो आणि त्याला मदतीला कोणी मिळालेले नसते. आणि आपले स्वतःचे त्यांच्याशी वाजलेले असेल, तर कळफलकाला हात न लावता दुसऱ्या प्रचालकाला कळवावे. दुसरा कोणी नसेल, तर निदान एक रात्र जाऊ द्यावी.