चार एपिसोड, पाचव्यांदा

प्रश्न : ताई नमस्कार. मी ४७ वर्षांची, नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. दिवाळीत मुलीने मला बीबीसीची 'नॉर्थ अँड साउथ' लावून दिली, जुनी आहे, २००४ ची, चारच एपिसोड. तेव्हापासून माझं पाचव्यांदा पाहणं सुरू आहे. मिस्टर बँकेत आहेत, लोन डिपार्टमेंटला, ते येताजाता म्हणतात, "काय पाहून राहिली वं त्यात, ना गाणं ना मारामारी, तो माणूस नुसता तोंड पाडून फिरून राहिला." मला उत्तरच देता येत नाही. खरंच काय आहे हो त्यात? की माझंच काही बिघडलंय?

उत्तर : काही बिघडलेलं नाही. मी स्वतः किती वेळा पाहिली तो आकडा इथे छापणार नाहीये. पहिल्यांदा पाहिली ती भर मे महिन्यात, कूलरचा असा घरघराट चालू की डायलॉग काही कळेना, आणि त्यात ती उत्तर इंग्लंडची बोली, शेवटी सबटायटल लावून पाहिली आणि रात्री दीडला कूलरमधलं पाणी संपलं तरी उठले नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गारेट हेल ही दक्षिणेतल्या एका हिरव्यागार खेड्यातली पाद्र्याची मुलगी. वडिलांना चर्चच्या काही गोष्टी पटेनाशा होतात, ते नोकरी सोडतात आणि घर उचलून मिल्टन नावाच्या गिरणीगावात येतात. मिल्टन हे नाव खोटं, ते मँचेस्टरच आहे. तिथे वडील शिकवण्या घेतात, आणि शिकायला येणाऱ्यांत एक गिरणीमालक, जॉन थॉर्नटन. रिचर्ड आर्मिटेजने केलाय आणि मार्गारेट डॅनिएला डेन्बी-अॅशने. मूळ कादंबरी एलिझाबेथ गास्केलची.

आता मिस्टरांचं म्हणणं की मारामारी नाही. अहो पहिल्या भेटीतच आहे की! मार्गारेट गिरणीचं दार सरकवते, आत शेकडो लूम धडधडतायत, हवेत रुई अशी तरंगतेय की बर्फच पडतोय वाटावं, इतकं सुंदर दिसतं ते की आपण पण तिच्यासारखे बघतच राहतो, आणि त्याच मिनिटाला हा हीरो एका कामगाराला लाथाबुक्क्यांनी तुडवताना दिसतो. का तर तो आत पाइप ओढत होता. ज्याने आपल्याकडचं जिनिंग आतून पाहिलंय त्याला विचारा, कापसात एक ठिणगी म्हणजे काय ते. थॉर्नटनचं म्हणणं तेच, की आग लागली तर शेकडो माणसं जळून मरतील. आणि मार्गारेटचं म्हणणं, म्हणून पडलेल्या माणसाला मारायचं? दोघंही बरोबर आणि दोघंही थोडे चूक, आणि मग चार एपिसोड हेच चालतं.

मला विचाराल तर जादू इथेच आहे. लोक म्हणतात गाऊन, घोडागाडी, मेणबत्त्या, ते सगळं ठीक आहे, पण कपडे बघून कोणी पाचव्यांदा नाही बसत. या दोघांना भांडायला विषय आहे. मजुरी किती द्यायची, संप बरोबर का चूक, मालकाने कामगाराच्या घरात किती डोकवायचं. आपल्या सिरियलमधली जोडपी भांडतात ती सासूवरून नाहीतर कोणीतरी ऐकलेल्या अर्धवट फोनवरून, तेही आठशे एपिसोड. इथे ती जे बोलते ते तो घरी घेऊन जातो, रात्रभर चिडतो, आणि पुढच्या वेळी थोडा वेगळा वागतो. शेवटी शेवटी तर ज्या हिगिन्सने संप पेटवला त्यालाच कामावर घेतो आणि कामगारांसाठी एकत्र जेवणाची सोय करतो. बाईचं बोलणं ऐकून बदललेला पुरुष, तोही न सांगता गाजावाजा न करता. आता सांगा, त्रिमूर्तीनगरात असो की मिल्टनमधे, असं आपण रोज कुठे पाहतो?

आणि हात. ते हात नीट पाहा, म्हणजे तुम्ही पाहिलेच असतील, पाचवी वेळ आहे. सुरुवातीला तो हात पुढे करतो आणि ती घेतच नाही, तिच्याकडे तशी पद्धत नाही, त्याचा हात हवेतच राहतो. एकदा ती चहाचा कप देते आणि बोटाला बोट लागतं, बस एवढंच. मग जेवणाच्या पार्टीत ती स्वतःहून हात देते आणि कॅमेरा फक्त दोन हातांवर. पाच सेकंद असेल फार तर. आमच्या पिढीला हे लगेच कळतं कारण आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची प्लेट देताना एवढंच व्हायचं, आणि त्यावर लोकांनी चाळीस वर्षं संसार केले. तो मागणी घालतो तर ती सरळ नाही म्हणते, पुढे ती शहर सोडून निघते, बर्फ पडतोय, तो वर उभा राहून मनात म्हणतो, मागे वळून बघ. आणि ती बघत नाही! मी दरवेळी म्हणते आता बघेल. नाही बघत.

मिस्टरांना एवढंच सांगा की तोंड पाडून फिरतोय कारण त्याला लोन मिळत नाहीये. ते पुढे येईलच.

प्रश्न : 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पण व्हिक्टोरियनच ना? रूममेटशी पैज लागलीय. (विद्यार्थिनी, हॉस्टेल)

उत्तर : हरलीस गं. ती कादंबरी १८१३ ची, ती लिहिणारी जेन ऑस्टिन गेली १८१७ ला, आणि जिच्यावरून 'व्हिक्टोरियन' म्हणतात ती राणी व्हिक्टोरिया गादीवर बसली १८३७ मधे. गोंधळ होतो कारण दोन्हीकडे गर्विष्ठ पुरुष, फटकळ मुलगी आणि फसलेली मागणी आहे. ओळखायची सोपी खूण सांगते, रेल्वे आणि धूर दिसला तर बहुतेक व्हिक्टोरियन. पैजेचं काय असेल ते तर्री पोह्यांवर मिटव.

प्रश्न : आपल्या देशाला लुटून त्यांनी जे वैभव उभं केलं, त्याच्या प्रेमकथा आपण डोळ्यांत पाणी आणून पाहायच्या, याची लाज वाटत नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, महाल)

उत्तर : काका, प्रश्न टोचला पण चांगला आहे. आणि तुम्ही महालातून, म्हणजे भोसल्यांच्या राजवाड्याच्या भागातून विचारताय म्हणून तर जास्तच. 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः सुरू झाली सप्टेंबर १८५४ ला. त्याच १८५४ साली डलहौसीने भोसल्यांचं नागपूर खालसा केलं. वऱ्हाड तर त्याच्या आदल्या वर्षीच निजामाकडून घेतलं होतं. म्हणजे तिकडे मार्गारेट थॉर्नटनला कामगारांवरून सुनावत होती तेव्हा इकडे आपल्या राजवाड्यात काय चाललं होतं ते तुम्ही मला सांगाल.

तिथल्या गिरण्यांतला कापूस तेव्हा बहुतेक अमेरिकेतून यायचा, गुलामांनी वेचलेला. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, चार वर्षं कापूस अडकला, मँचेस्टरच्या भागातल्या, म्हणजे लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, आणि मग साहेबाला आपली काळी माती आठवली. भाव चढले. १८६७ ला मुंबईहून रेल्वे नागपुरात पोचली, ती काही आपल्याला मुंबई दाखवायला नव्हती टाकली, गाठी बंदरात न्यायच्या होत्या. इथपर्यंत तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण पुढचा भाग पण आपलाच आहे ना. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून गिरणी काढली ती इथे, जुम्मा तलावाजवळची दलदल भरून, कारण कापूस हाताशी. १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. आज तिथे मॉल आहे, पोरं पिक्चर पाहायला जातात, नाव का पडलं कोणाला पत्ता नाही. लँकेशायरची हवा दमट, म्हणून सूत तुटत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात तिथे धाग्याचं काय होणार? मग टाटांनी गिरणीत हवा ओली ठेवायची यंत्रं बसवली. एका अर्थी नागपुरातला पहिला मोठा कूलर सुताला मिळाला म्हणायचा, माणसाला नंतर.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत लूमवर होते. घरात कायम ओरडूनच बोलायचे, आजी म्हणायची जरा हळू, तर म्हणायचे मी हळूच बोलतोय. संध्याकाळी दारात उभं करून ती त्यांच्या डोक्यावरची रुई झटकायची आणि मगच आत घ्यायची. कादंबरीत बेसी म्हणून हिगिन्सची मुलगी आहे, छातीत रुई जाऊन जाऊन मरणाला टेकलेली. ती मार्गारेटला सांगते की रुई ओढून घेणारं मोठं चाक बसवता येतं, पण पाच-सहाशे पौंड लागतात आणि नफा शून्य, म्हणून मालक बसवत नाहीत. आणि पुढे सांगते की काही कामगारांनाही ते चाक नको, कारण रुई गिळायची सवय झालेली, ती पोटात गेली नाही तर भूक जास्त लागते, मग पगार वाढवा. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. तर काका, मी राणीचं वैभव पाहायला नाही बसत. लाज म्हणाल तर ती नाही वाटत, आजी मात्र आठवते.

प्रश्न : 'नॉर्थ अँड साउथ'च्या शेवटी स्टेशनवर सगळ्यांसमोर किस? त्या काळात चालायचं का असं? आई शेजारी बसली होती माझ्या. (नाव नको)

उत्तर : अजिबात नाही चालायचं. त्यात त्याची कॉलर उघडी, गळ्याला रुमाल नाही, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने जवळपास बनियनवरच आला म्हण ना. कादंबरीत स्टेशन नाहीच, शेवट लंडनच्या घरात, बंद खोलीत. कट्टर वाचक यावरून अजून भांडतात. मी नाही भांडत, आईला म्हणायचं चहा ठेव गं आणि ती उठली की पाहून घ्यायचं.

पण किसपेक्षा त्याच्या आधीचं बोलणं ऐक. त्याची गिरणी बंद पडलीय, आणि हिला वारशाने पैसा मिळालाय. ती काय म्हणते, माझं प्रेम आहे? छे. कादंबरीत तर ती चक्क आकडा सांगते, माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडलेत, अडीच टक्केच व्याज मिळतंय, तुम्ही घेतले तर जास्त द्याल आणि गिरणी पण चालेल. लक्षात घे, तेव्हा लग्न झालं की बायकोचा पैसा सहसा नवऱ्याचाच व्हायचा, बाईला आपली मालमत्ता आपल्या नावावर ठेवता येईल असा पक्का कायदा १८८२ चा. म्हणून ती आधी व्याजाचं बोलते. तेवढ्यापुरती ती सावकार आणि तो कर्जदार, आणि हे बोलताना तिचा आवाज कापतोय.

त्रिमूर्तीनगरच्या ताई, हा सीन लागला की मिस्टरांना हाक मारा. व्याजाची बोलणी ऐकून बँकेतला माणूस जागचा हलणार नाही.