मीठ घातल्यावर घट्ट झालेला शॅम्पू पुन्हा पातळ का होतो?

एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, मुख्य फेस आणणारा घटक) आणि बीटेन (त्याच्या जोडीचा सौम्य फेसकारक) घेऊन केलेला शॅम्पू मिठाने छान दाटला, आणखी थोडं मीठ पडताच पाण्यासारखा झाला, आता तो फेकायचा का, असं तुम्ही विचारलंय. फेकू नका.

एसएलईएसच्या रेणूंच्या डोक्यांवर ऋणभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात आणि पाण्यात त्यांचे छोटे गोल पुंजके तयार होतात. मिठातलं सोडियम हा ढकलाढकलीचा जोर कमी करतं. रेणू जवळ येतात, पुंजके लांबट होतात आणि दोऱ्यांसारखे एकमेकांत अडकतात. हाच तो दाटपणा. मीठ वाढतच गेलं की या दोऱ्यांना फाटे फुटतात, ते सहज सरकू लागतात आणि मिश्रण पातळ होतं. तुम्ही दाटपणाचं शिखर ओलांडून पलीकडे उतरलात, एवढंच. वाटीभर शॅम्पू बाजूला काढून त्यात थोडं पाणी घाला. तो दाटला, तर निदान पक्कं. मग मीठ न घातलेलं ताजं मिश्रण करून त्यात हा शॅम्पू थोडा थोडा मिसळत जा.

मीठ जास्त कसं झालं, याचं एक कारण बीटेनच्या बाटलीत आहे. कोकामिडोप्रोपिल बीटेन साधारण ३० टक्क्यांचं द्रावण म्हणून मिळतं आणि त्यात सुमारे ५ टक्के मीठ आधीच असतं. ते कुणी हिशेबात धरत नाही.

हिशेबाचंच निघालं म्हणून सांगतो: वजन बाटलीतल्या द्रवाचं करायचं, पण विचार त्यातल्या सक्रिय भागाचा, म्हणजे पाणी वगैरे सोडून प्रत्यक्ष मळ काढणाऱ्या भागाचा करायचा. १०० ग्रॅम शॅम्पूत ७० टक्क्यांची एसएलईएस पेस्ट १२ ग्रॅम घेतली तर सक्रिय भाग ८.४ ग्रॅम. बीटेनही १२ ग्रॅम घेतलं तर ३.६ ग्रॅम. एकूण १२ टक्के, रोजच्या शॅम्पूला किंवा बॉडी वॉशला पुरेसं. फेस जास्त हवा म्हणून हा आकडा वाढवत नेणं मला पटत नाही. टाळू कोरडी पडते. बीटेन मात्र कमी करू नका, एसएलईएसचा त्रासदायकपणा तेच कमी करतं.

पेस्टवर थोडंसं पाणी ओतलं तर तिचा जेलीसारखा घट्ट गोळा होतो. पेस्ट पाण्यात घालून सावकाश ढवळत राहा, आणि ब्लेंडर तर लांबच ठेवा.

मीठ सगळ्यात शेवटी. सुगंध, प्रिझर्वेटिव्ह, सायट्रिक अ‍ॅसिड या सगळ्यांनी दाटपणा बदलतो, त्यामुळे ते आधी पडू द्या. मग मिठाचं २० टक्क्यांचं द्रावण करून थेंबाथेंबाने घाला, हवा तेवढा दाटपणा येण्याच्या जरा अलीकडे थांबा, आणि मिश्रण थंड होऊन फेस बसल्यावर दुसऱ्या दिवशी पाहा. गरम असताना ते पातळच दिसतं. (एसएलईएसऐवजी डेसिल ग्लुकोसाइड हा ऋणभार नसलेला सौम्य फेसकारक वापरणाऱ्यांनी मिठाच्या नादी लागू नये, तिथे झँथन गमसारखा दाटपणा आणणारा डिंक लागतो.)

तुम्ही न विचारलेली गोष्ट: तुमच्या घटकांच्या यादीत प्रिझर्वेटिव्ह दिसलं नाही, पण कोरफडीचा ताजा गर दिसला. पाणी आणि गर म्हणजे जंतूंची चंगळ, आणि वास येण्याआधीच ते वाढलेले असू शकतात. प्रिझर्वेटिव्ह म्हणून फिनॉक्सीइथेनॉल घेतलं तर ते १ टक्क्याच्या आत ठेवा. सोडियम बेंझोएट हे दुसरं प्रिझर्वेटिव्ह घेणार असाल तर पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या आसपास आणावाच लागेल, कारण त्याहून फार वर ते जवळजवळ निकामी असतं. पीएचच्या पट्ट्या आणा, अंदाजाने सायट्रिक अ‍ॅसिड टाकू नका. गर काढून टाकलात तर उत्तमच.