भंगारात जुनी मोटर आणि ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील (जड चाक) मिळालंय. स्क्रूसारखे आटे असलेला शंकू फिरवून लाकूड फोडायचं मशीन घरीच बनवू का? किती एचपी लागेल?

तीन एचपी पुरते. पण बनवू नका.

अगदी असंच मशीन माझ्या काकांच्या जळाऊ लाकडाच्या वखारीत होतं, गावातल्याच वेल्डरनं जोडून दिलेलं. आमच्या सांगोल्याकडची बाभूळ म्हणजे गाठीच गाठी. काका ओंडका दोन्ही हातांनी शंकूवर दाबून धरायचे. एका सकाळी शंकूचं टोक गाठीत रुतलं आणि ओंडका फुटायच्या ऐवजी शंकूबरोबर गरगर फिरायला लागला. त्याला अडवायला खाली लोखंडी पट्टी नव्हतीच. काकांच्या स्वेटरची बाही आट्यांत गेली. मी धावत जाऊन भिंतीवरचा स्विच बंद केला. मोटर बंद झाली, फ्लायव्हील मात्र फिरतच राहिलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आमच्या घरात आजही म्हणतात, "त्यांचं लक्ष नव्हतं." मला हे अजिबात मान्य नाही. शंकूचा जाड भाग आठ सेंटिमीटरचा आणि मिनिटाला 300 फेरे धरले, तर सेकंदाला सव्वा मीटर कापड आत ओढलं जातं. म्हणजे अख्खी बाही अर्ध्या सेकंदात. लक्ष असून काय करणार होते ते? हातमोजे घातले असते तर ते बाहीच्या आधी अडकले असते.

"जुनं ते मजबूत" हेही ऐकवू नका. असं चाक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, आणि बीड वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं. मिनिटाला 650 फेऱ्यांच्या इंजिनाचं चाक 1440 च्या मोटरीला सरळ जोडणारे लोक मी पाहिलेत. चाकातली ऊर्जा तिथे जवळपास पाचपट होते.

युरोपच्या ईएन 609 मानकात पाचर दाबून लाकूड फोडणाऱ्या मशीनला दोन्ही हात दांड्यांवर गुंतवून ठेवायची सोय लागते. एक हात सुटला की पाचर थांबते. आपल्याकडे मळणीयंत्रांत हात जायला लागले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. मजुरांचं लक्ष नसतं एवढं म्हणून भागलं असतं, तर कायदा कशाला हवा होता? हे मी घरी कितीदा सांगितलंय.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर पाचर ढकलणारं मशीन मात्र कंपनीचं, दोन दांड्यांचं असेल तर घ्या, त्याला माझी हरकत नाही. फक्त तेल गळतंय का ते पाइपवर हात फिरवून बघू नका, दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. आणि बंबापुरतंच लाकूड लागत असेल तर घण आणि पाचर घ्या.