कागद नेणाऱ्याने ठरवायचं नाही

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या सरकारी वकिलाने बलात्काराच्या गुन्ह्यांची मुदत संपत आली म्हणून 'जॉन डो' या निनावी आरोपीवर, नुसत्या डीएनएच्या वर्णनावर वॉरंट काढून घेतलं. त्यावर तुझा प्रश्न, की मग नाव नसलेल्या वॉरंटवर तुम्ही एवढे का चिडता?

अगं, प्रश्न नावाचा नाहीच! कुणाला धरायचं हे कागद काढणाऱ्याने ठरवायचं, कागद नेणाऱ्याने नाही. एवढंच धरून ठेव.

१७६३ चं लंडन आठव. 'नॉर्थ ब्रिटन' या साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका आली आणि मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सने वॉरंट काढलं. त्यात होतं काय? 'लेखक, मुद्रक आणि प्रकाशक.' नाव एकाचंही नाही. राजाचे हरकारे, म्हणजे वॉरंट बजावणारे अंमलदार, निघाले आणि त्यांनी ४९ माणसं उचलली. ड्रायडन लीच या मुद्रकाला तर अंथरुणातून उठवून नेलं, आणि तो अंक त्याने छापलेलाच नव्हता. हकल नावाचा छापखान्यातला कामगार, आठवड्याला एक गिनी पगार. त्याला सहाएक तास अडकवलं, खायला-प्यायलाही नीट घातलं. तरी ज्यूरीने त्याला ३०० पौंड भरपाई दिली. सहा तासांचे ३०० पौंड! ते चुकलेल्या मजुरीचे नव्हते, हे तुला वेगळं सांगायला नको. पुढे लीचच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने तेच सांगितलं: हा निवाडा अंमलदारावर सोडता येत नाही. डीएनएचं वॉरंट या कसोटीला उतरतं. त्यात नाव नाही, पण माणूस नेमका आहे.

उलटही होतं, आणि ते मी भोगलंय. म्हणजे भोगलं दुसऱ्याने. वकिलीचं माझं दुसरं वर्ष. वॉरंटवर नाव होतं, आडनाव होतं, बापाचं नाव नव्हतं. गावात त्या नावाचे दोघे चुलतभाऊ. मी सही पाहिली, शिक्का पाहिला आणि गप्प बसलो. भलता पोरगा चार रात्री कोठडीत राहिला. मी नवा होतो, समोर सीनियर बसले होते, बोर्डावर चाळीस प्रकरणं होती. हे सगळं खरं आहे आणि तरी कागद माझ्याच हातात होता. तेव्हापासून एका बापाच्या नावासाठी मी कोर्टाचा अर्धा दिवस घालवत आलोय. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत, मी बरोबर आहे.

तुझ्या अशिलाच्या फिर्यादीत 'आणि इतर अज्ञात इसम' आहे म्हणतेस. फिर्यादीत ते चालतं, तपास तिथूनच सुरू होतो. वॉरंटात चालत नाही. आणि त्याला नेलं ते वॉरंटवर, की वॉरंटशिवाय? चार पानांच्या पत्रात हे एक वाक्य नाही! मागितलं तर वॉरंट दाखवावंच लागतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७७ बघ. उद्या अकराच्या आत प्रत मिळव, त्यावर कुणाचं वर्णन आहे ते वाच आणि मला फोन कर. मी घरीच आहे.