कडकनाथची पैदास सुरू करताय, तर आधी हे वाचा

भाऊ, नुसता काळा रंग बघून पिल्लं घेऊ नका. कडकनाथचा काळेपणा संकरातही बराच उतरतो, त्यामुळे गावठीशी मिसळलेली पिल्लंही काळी दिसतात. शक्यतो आई-बापाचा कळप डोळ्यांनी बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भेसळही वाढली.

ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवा, नाहीतर यंत्रात, २१ दिवस.

खरी काळजी रक्ताची. एकाच घरातले भाऊ-बहीण पिढ्यान्‌पिढ्या जुळवले की अंडी रिकामी निघतात, पिल्लं अशक्त होतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरे, पण तो दुसऱ्या कळपातला आणा आणि आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळाच ठेवा. हे कुणी पाळत नाही, आणि मग अख्खा कळप आजारी पडतो.

मरेक या विषाणूच्या रोगाची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी लागते, म्हणून विकणाऱ्याला ती दिली का हे विचाराच. राणीखेत या दुसऱ्या विषाणू रोगाची पहिली लस पहिल्या आठवड्यात. देशी जात काटक असते म्हणून लस टाळू नका, राणीखेत जात बघत नाही. खाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण आलीच. ते रोज हलवा.